गच्चीवरची तिसरी

६ जानेवारी, सोमवार

बंगळूर पालिकेची नोटीस आली. घरात पेइंग गेस्ट ठेवणाऱ्या प्रत्येकाने महिनाअखेरपर्यंत परवान्यासाठी अर्ज करायचा, नाहीतर दाराला कुलूप. दर मुलीमागे सत्तर चौरस फूट जागा, जिन्यात कॅमेरा, आग विझवायचे नळकांडे, पाणी तपासल्याचा दाखला. यात वावगे काही नाही. उलट हे फार आधी व्हायला हवे होते. हेब्बाळच्या तलावामागे एकेका खोलीत सहा-सहा पोरी कोंबतात, ते मला कधीच पटलेले नाही.

टेप घेऊन स्वतः मोजले. पहिल्या मजल्यावरच्या चार खोल्यांत दोघी-दोघी, म्हणजे आठ जणी. चारही खोल्या नियमात बसतात. अडचण गच्चीवरच्या खोलीची आहे. माझे यजमान हयवदन होते तेव्हा त्यांनी ती सामानासाठी बांधली, वर पत्रा. पत्र्याखाली माणूस ठेवायचा नाही, असे नोटिशीत स्पष्ट लिहिले आहे. तिथे तिघी राहतात: पुण्याची भार्गवी जोशी, धारवाडची कस्तुरी कुलकर्णी आणि नागपूरची संघमित्रा मेश्राम, जिला सगळ्या मित्रा म्हणतात.

टेलिफोन खात्यात एकतीस वर्षे काढली. सरकारी कागदावर एक खोटे अक्षर लिहिले नाही, आताही लिहिणार नाही. तिघींना महिन्याची सूचना द्यायची, एवढेच.

९ जानेवारी, गुरुवार

सूचना दिलेली नाही. वर्षाच्या मध्येच मुली कुठे जातील? पेन्शनवर एवढे घर चालत नाही हेही खरे, पण ते मुख्य कारण नव्हे.

उल्हास आला होता. ह्यांचा चुलतभाऊ, देवनहळ्ळीला दोन पीजी चालवतो. मी मापे दाखवली तर हसायला लागला.

"वहिनी, टेप लावायचं काम त्यांचं. तुम्ही कशाला लावलीत?"

"मग काय डोळे मिटून अर्ज भरू?"

"अर्ज आठ जणींचा भरा. खाली तुमच्याकडे दोन खाटांची खोली रिकामी आहे ना? दोघींना तिथे आणा, भाच्या म्हणून सांगा. घरची माणसं यादीत धरत नाहीत."

"आणि तिसरी?"

"तिसरी त्या दिवशी नसते. बॅग घेऊन मैत्रिणीकडे. तीन भाच्या सांगितल्यात तर निरीक्षक बाई म्हणतील, अक्का, तुमच्या बहिणीला दुसरा उद्योग नव्हता का?"

त्याला चांगले सुनावले. नंतर त्याच्यासाठी दुसऱ्यांदा कॉफी केली.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. एळ्ळु-बेल्लसाठी, म्हणजे इकडच्या तिळगुळासाठी, खोबरे आणि गूळ कातरून बोटे सोलली. चार घरच्या बायका आणि वरच्या मुली हळदीकुंकवाला आल्या. कस्तुरीने न सांगता रांगोळी काढली, आईच्या हाताचे वळण दिसते. मित्राला बोलवायचे राहून गेले. या आठवड्यात तिची दुपारची शिफ्ट आहे, उगीच तिला संकोच. तिचे तिळगुळाचे पाकीट जिन्याच्या कठड्यावर ठेवले होते. संध्याकाळी नव्हते, म्हणजे घेतले असावे.

१६ जानेवारी, गुरुवार

ठरवले. उल्हास सांगतो तसे करायचे. यात कुणाचे नुकसान नाही आणि तिघींची जागा वाचते. नियम करणाऱ्यांनी थोडी सवड दिली असती तर ही वेळ आली नसती.

भाची म्हणून भार्गवी अर्थातच. दुसरी कस्तुरी. मित्राचा विचार केला नाही असे नाही. पण तिचे बोलणे पार नागपूरकडचे, करून राहिले, जाऊन राहिले. आमच्या घरातली वाटणार नाही. शिवाय ती खोली देवघराला लागून आहे, तिथे वावरायचे तर घरची शिस्त ठाऊक हवी. कस्तुरीला ती आहे. तिला मराठी ओ की ठो कळत नाही, पण चार वाक्ये शिकवता येतील.

१९ जानेवारी, रविवार

आज तालीम घेतली. भार्गवीला मजा वाटते आहे. मला मावशी म्हणत दिवसभर मागे-मागे फिरत होती. कस्तुरीचे मात्र "मी सुचेता मावशीचा भाची" यापुढे गाडी जाईना. मी तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा दारात पाण्याची बाटली भरायला आलेली मित्रा म्हणाली, "काकू, तुम्ही राहू द्या. मी घेते तिची शिकवणी." मग दोघी जिन्यात बसल्या. अर्ध्या तासाने कस्तुरी आत आली आणि घडाघडा बोलली. माझी आई बेळगावला असते, मी इथे शिकायला आले, मावशी फार कडक आहे. शेवटचे वाक्य मित्राची भर. मला हसू आले, दाखवले नाही.

मित्राला बाजूला घेऊन सांगितले की गुरुवारी तपासणी आहे, तिने दिवसभर बाहेर राहायचे.

"बॅग पण न्यायची, काकू?"

"बॅग पण. गादी मी गुंडाळून ठेवते."

"बरं."

काही विचारले नाही. समजूतदार मुलगी आहे.

२३ जानेवारी, गुरुवार

झाले एकदाचे. निरीक्षक बाई अकराला आल्या. पस्तिशीच्या असतील, हातात टेप, चपला धुळीने भरलेल्या, सकाळपासून आमचे सातवे घर म्हणाल्या. सारे बोलणे कन्नडमध्ये. खोल्या मोजल्या, कॅमेऱ्यात स्वतःचा चेहरा येतो का पाहिले, नळकांड्यावरची तारीख वाचली. मला असे काम करणारी माणसे आवडतात. खालच्या खोलीत दोघी बसल्या होत्या. कुणी न विचारताच कस्तुरी उभी राहून आपला मराठी धडा म्हणू लागली. बाई हसल्या. म्हणाल्या, "मला मराठी येत नाही, अक्का. भाच्या गोड आहेत."

गच्चीवर पोती आणि जुना पंखा रचून ठेवला होता. दोरीवर एक निळा कुर्ता राहिला होता.

"हा कुणाचा?"

"कामवालीचा," मी म्हटले.

अगदी सहज तोंडून गेले. बाईंनी लिहूनही घेतले नाही. दोन-तीन आठवड्यांत परवाना येईल.

मित्रा अंधार पडल्यावर आली. आनेकलला मैत्रिणीकडे गेली होती. मैत्रीण कारखान्यात कामाला, तिला रजा मिळाली नाही आणि किल्ली तिच्याकडेच. मग बॅग मांडीवर घेऊन बसस्टँडवर बसून राहिली. "पुस्तक होतं, काकू. वेळ गेला," म्हणाली. तिला भात गरम करून दिला. कुर्ता घडी घालून ठेवला होता, तोही दिला.

२९ जानेवारी, बुधवार

उल्हासने बजावले होते की परवाना हातात येईपर्यंत साध्या कपड्यातला कुणीतरी येऊन पाहणी करून जातो. आज आला. हेल्मेट काखेत, चाळिशीचा माणूस, हातात मोठा फोन. फाटकातूनच विचारले, "संघमित्रा मेश्राम इल्ले इरोदा?" ती इथेच राहते का.

मी गडबडले नाही. या नावाचे इथे कुणी नाही, असे ठणकावून सांगितले.

"जूनपासून राहतात असं लिहिलंय, मॅडम."

"चुकीचं लिहिलंय. यादीत आठ नावं आहेत, त्यात हे नाही."

त्याने फाटकाचा फोटो काढला आणि फोनच्या काचेवर बोटाने माझी सही घेतली. तिचे पूर्ण नाव पालिकेला कुठून कळले, याचे नवल वाटले. कुणीतरी चुगली केली असणार. तरी मी खिंड लढवली. उल्हासला फोन केला, तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही तर आमच्या वर निघालात."

३ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी मित्रा खाली आली. चपला दाराबाहेर काढून उंबऱ्याबाहेरच उभी. मीही आत ये म्हटले नाही. आता आठवते आहे की कधीच म्हटलेले नाही. भार्गवी सरळ ओट्यापाशी येऊन झाकण उघडून बघते.

"काकू, मागच्या आठवड्यात माझी चौकशी करत कुणी आलं होतं का?"

तिला नवी नोकरी लागली आहे. मोठी कंपनी, सतरा तारखेला रुजू व्हायचे. अशा कंपन्या आधी माणूस पाठवून पत्ता खरा आहे का बघतात. त्याचा अहवाल अडला आहे.

ती बोलत होती आणि मला हेल्मेट दिसत होते. पालिकेचा नव्हता तो. त्याच्या गळ्यात ओळखपत्र होते, मी वाचलेसुद्धा नाही. मी, जी गॅसवाल्याचेही वाचते.

मला खरे सांगता आले असते. मी म्हटले, "नाही गं. कुणी आलं नाही."

"पक्कं?"

"मी दिवसभर घरीच असते."

ती बरं म्हणून गेली.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज तिने फोन माझ्यापुढे धरला. आमच्या फाटकाचा फोटो. खाली लिहिलेले, की सदर व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही, घरमालकिणीने खात्रीने सांगितले. त्याखाली माझी सही, बोटाने केलेली, वेडीवाकडी, पण माझीच.

मी सांगायला लागले. पालिकेचा माणूस वाटला, परवाना जाईल अशी भीती वाटली, तुमच्याच जागेसाठी केले. ती ऐकत होती. मध्ये तोडले नाही.

"ते समजलं, काकू. गडबडीत माणूस नाही म्हणतो. पण काल मी विचारलं तेव्हा?"

मी पुन्हा फोनवरच्या सहीकडे पाहिले.

"मला पंधरा दिवसांपासून एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "दोन भाच्या पाहिजे होत्या ना? मराठी तर मला येत होतं."

"तुझं बोलणं नागपूरकडचं. आमच्या घरचं वाटलं नसतं."

"आणि कस्तुरीचं वाटत होतं? तिला मीच शिकवलं. जिन्यात बसून."

आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर मी शिस्तीवर बोलले असते.

"तेव्हा वाटलं, असेल काही कारण," ती म्हणाली. "बसस्टँडवर बसून तेच मनात घोळवून राहिले. मी काय कमी करते? भांडण करत नाही, उशिरा येत नाही, भाताला नाव ठेवत नाही. मग म्हटलं, जाऊ दे, आपल्याला सवय आहे. आईनं फोनवर विचारलं, मालकीण कशी आहे? मी सांगितलं, कडक आहे, पण आपल्यातली आहे, मराठी आहे."

एवढे बोलून ती जिना चढून गेली. उशिरापर्यंत वर भार्गवी आणि कस्तुरीच्या बोलण्याचा आवाज येत होता. त्यात तिचा नव्हता.

५ फेब्रुवारी, बुधवार

कारणे पुन्हा लिहून बघितली. एका कागदावर ओळीने मांडली, खात्यात करायची सवय होती तशी. बोलणे. हळदीकुंकवाचा संकोच (ती लाजाळू नाही). शिस्त. खोलीची जागा. मग प्रत्येकासमोर कस्तुरीचे नाव लिहून ताडून पाहिले. एकही कारण टिकले नाही.

उरले ते मला माहीत आहे. आमच्या घरात त्याचा उच्चार कधी होत नाही. सासूबाईही करत नसत, त्या नुसते आडनाव विचारत. मी तेही विचारत नाही, फॉर्मवर असते म्हणून. फॉर्म मी स्वतः तपासते आणि खोल्याही मीच ठरवते. पहिल्या मजल्यावर दोनदा जागा रिकामी झाली होती. मित्रा जूनपासून पत्र्याखाली आहे.

कॉलेजात असताना मी या विषयावर वक्तृत्वाचे बक्षीस मिळवले होते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

कंपनीला पत्र लिहिले. कुमारी संघमित्रा मेश्राम गेल्या पंधरा जूनपासून माझ्या घरी राहते, मी आधी दिलेली माहिती खोटी होती, चूक सर्वस्वी माझी. टाइप करून सही केली आणि तिला वाचायला दिले. तिने वाचून एक सुधारणा सुचवली, "पंधरा नाही, अठरा जून." धन्यवाद म्हटले नाही. म्हणायचे कारणही नव्हते.

उल्हास म्हणाला, "पत्र दिलंत ना? विषय संपला. पालिकेला कोण सांगतंय?"

खरे आहे, कुणी सांगत नाही. पण आठांच्या यादीत ती नाही. उद्या आणखी कुणी विचारायला आले तर मी काय म्हणणार? तिचे नाव यादीत घालायचे तर यादीच खरी करायला हवी.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

वॉर्ड ऑफिसात दीड तास बाकावर बसले. निरीक्षक बाई डबा खात होत्या. मी उभ्याउभ्याच सांगितले की दोघी भाच्या नाहीत, गच्चीवर तिघी राहतात, कुर्ता कामवालीचा नव्हता.

त्यांनी डब्याचे झाकण लावले. "मॅडम, खोटं बोलून गेलेले पुष्कळ येतात. परत येऊन खरं सांगणारं कुणी येत नाही. हे मी कुठल्या फायलीला लावू?"

मागे कुणीतरी हसले. त्या हसल्या नाहीत.

"माझ्यासमोर त्या पोरीला उभं करून म्हणवून घेतलंत. मला खरंच वाटलं. घरी जाऊन सांगितलं मी, काय प्रेमळ घर आहे."

अर्ज परत मिळाला. गच्चीची खोली पंधरा दिवसांत रिकामी करायची, नव्याने अर्ज करायचा, पुन्हा तपासणी. खालची खोली खरोखरच मुलींना द्यायची असेल तर मापात दोघी बसतात, तीही यादीत घालता येईल. म्हणजे दहा. एकीला जावे लागेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

हेल्मेटवाला पुन्हा आला. आज ओळखपत्र वाचले. सुरज नाव. त्याला खुर्ची दिली, पाणी दिले. मित्राही होती, जिन्याच्या पायरीवर उभी.

त्याने एकेक प्रश्न वाचला. किती दिवसांपासून राहतात, वागणूक कशी, काही तक्रार. मी उत्तरे दिली. वागणुकीला "चांगली" एवढाच शब्द त्याच्या यादीत होता, त्याच्या वरचा नव्हता.

मग तो जरा घुटमळला. "मॅडम, मागच्या वेळचं कारण भरावं लागतं. मी 'घर बंद होतं' असं टाकतो. स्वल्प सोपं होईल. तुम्हालाही, मलाही."

मी मित्राकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती, त्याच्या फोनकडे पाहत होती.

"घर उघडं होतं," मी म्हटले. "मी दारात होते आणि खोटं बोलले. तसंच लिहा."

"तसा पर्याय नाही, मॅडम."

शेवटी "इतर" असे काहीतरी निघाले. तिथे त्याने मी सांगितले ते इंग्रजीत टाइप केले, मला वाचून दाखवले आणि मी पुन्हा बोटाने सही केली. तो गेल्यावर मित्रा म्हणाली, "झालं." माझ्याशी बोलली की स्वतःशी, कळले नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तिचे काम झाले. सतरा तारखेला रुजू होते आहे. भार्गवीने जिन्यावरून ओरडून सांगितले. मित्राने स्वतः सांगितले नाही.

कस्तुरी आणि भार्गवी माझ्यावर रागावल्या आहेत. भार्गवी म्हणाली, "आठवडाभर मावशी-मावशी करायला लावलं, आणि आता म्हणे एकीला बाहेर." ते ठीक आहे.

दुपारी मित्राला खाली बोलावले. दारातून हाक मारली, "आत ये." ती आली, पण बसली नाही. मी सांगितले की खालच्या खोलीतली एक खाट तिची, पहिला हक्क तिचा, उरलेली कुणाला द्यायची ते त्या दोघी ठरवतील. स्वयंपाकघर वापर, फ्रीज वापर. हे सगळे एका दमात म्हटले. सकाळपासून मनात जुळवून ठेवले होते.

ती खोलीत डोकावली. खाट, खिडकी आणि पलीकडच्या देवघरातला पितळी दिवा पाहिला. पुष्कळ वेळ लावला. मी दाराची कडी धरून उभी होते.

"नको, काकू. ऑफिसातल्या एकीसोबत घर बघितलं आहे मी. शनिवारी जाते."

"नीट विचार केलास का?"

"हो."

"सरी, ठीक आहे," मी म्हटले. ती बाहेर गेली, चपला घातल्या आणि जिना चढून वर गेली.

इथवर लिहून थांबणार होते, पण एक राहिले आहे. ती नको म्हणाली तेव्हा मला वाईट वाटायला हवे होते. वाटले, पण ते नंतर. आधी, अगदी पहिल्या क्षणी, मला हायसे वाटले.